रुख्माची गाठ

१६ जानेवारी, गुरुवार

सगळ्यात पहिले आली ते सिंधूताई. सहाचं बोलावणं, अन् बाई पावणेपाचले दारात उभी. म्या अजून लुगडं बदललं नव्हतं. आल्या आल्या नजर वाणाच्या टोपलीवर. "यंदा काय देऊन राहिली वं रुख्मा? मागच्या सालची चाळणी महिनाभर नाही टिकली माही."

म्या म्हटलं, "तू चहा गाळते का रेती गाळते?"

हसली, पण लागलं तिले. मग बसली अन् सुरू झाली, कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या घरी फ्रीज आला. मी हव हव करत तीळगूळ वाटीत काढून राहिली होती. हळूहळू बारा-तेरा बाया झाल्या. अन् ऐन कुंकू लावायच्या वक्ताले दारात एक पोट्टा अन् एक पोट्टी, खांद्यावर हा एवढा लंबा बांबू, टोकाले लोखंडी आकडा. हल्दीकुंकवात बांबू! बाया पदर सावरून भिंतीले चिपकल्या. मागून आमची दामिनी, माही नात, घामाघूम.

"आजी, हे माहे दोस्त. प्रशिक अन् प्रीती. गच्ची पाह्याची आहे आपली."

प्रशिक जवळच्या इंदोरा वस्तीतला, कॉलेजात शिकते. प्रीती कामठीची, तिथून शेअर ऑटोनं येते. संक्रांत झाली की हे लोक झाडाझाडावर अटकलेला नायलॉनचा मांजा काढत फिरतात. म्या विचारलं, "कोणी लावलं तुमाले या कामाले?"

"कोणीच नाही, आजी."

"मग काहून करता?"

तर त्या प्रीतीनं मोबाईल काढला अन् फोटो दाखवला. बगळा होता. मान अर्धी चिरलेली, डोळे उघडे. बाप्पा! माह्या हातातली कुंकवाची डबी तशीच राहिली. सिंधूताईनं तोंडाले पदर लावला. एकीनं विचारलं, कोण्या जनावरानं फाडला? प्रीती म्हणे, "जनावरानं नाही काकू, धाग्यानं." एवढ्याशा धाग्यानं! मी सत्तरीले आली, सारी जिंदगी धाग्यात गेली, धाग्यानं मान कापते हे आज पाहलं.

पोट्टे मोठ्या गच्चीवर जाऊन आले. प्रशिक म्हणे, "आजी, साऱ्या गल्लीत तुमचीच गच्ची साफ आहे. एक तुकडा नाही."

म्या म्हटलं, "दिसणारच नाही. मी रोज वेचते."

तर त्यानं हात जोडले. "साऱ्या आज्या अशा पाह्यजे." साऱ्या बायांसमोर म्हणाला. साऱ्या आज्या अशा पाह्यजे, म्हणे. सिंधूताईचं तोंड पाह्यासारखं झालं होतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

ही डायरी दामिनीनंच दिली. मागच्या सालची कोरी राहिली होती, तारखा खोडून लिहिते. ती बारावीत आहे. म्हणे, "आजी, तुह्या गोष्टी याच्यात लिही, मले अभ्यास करू दे." मी तिसरी पास. चौथीत दोन महिने गेली, मग बापानं मागाच्या कांड्यायवर सूत भराले बसवलं. अक्षर वाकडं आहे पण माहं मले वाचता येते, बाकीच्यायले काय करायचं.

काल एक गोष्ट पोट्ट्यायले सांगाची राहिली. सांगाची नव्हतीच. मोठ्या गच्चीच्या मागं, सैपाकघराच्या वर एक लहान स्लॅब आहे, लोखंडी शिडीनं चढा लागते. मधुकरनं, माह्या पोरानं, मले शिडी चढाले बंदी घातली. "पडली तर माहं कोण पाह्यन?" म्हणते. म्हणून तो ड्युटीवर गेला अन् दामिनी क्लासले गेली की मी चढते. तिथं माह्या मुंगाच्या वड्या वाळतात. कबुतरं अन् खारी नासधूस करतात. म्हणून म्या तिथं जाळी बांधली आहे, पाण्याच्या पाइपापासून तर भिंतीच्या सळाखीपर्यंत. अशी बारीक की उभं राहून पाहलं तर दिसत नाही.

कशाची बांधली? तर वेचलेल्या धाग्याची! डिसेंबरपासून पतंगी उडून राहिल्या, गच्चीवर, गल्लीत, नालीत, जिथं पाहा तिथं धागा. चांगला, मजबूत, रंगीत. कोष्ट्याच्या, विणकराच्या घरात धागा फेकत नाहीत. माहे सासरे खाली पडलेला धागा ओलांडू द्यायचे नाही, माग रुसते म्हणायचे. मग तुकडा तुकडा सांधला. हे नायलॉन निसरडं, एका वेढ्यात गाठ राहत नाही, म्या दोन वेढे दिले. दोन बोटं कापली, मधुकरले सांगतलं विळीनं कापली.

माही गाठ अशी आहे की हात फिरवला तर कळत नाही. सासरे शेवटी आंधळे झाले होते. मागावर ताणा, म्हणजे उभं सूत, चढला की त्याच्यावरून बोट फिरवायचे अन् सांगायचे, "ही रुख्माची. ही रुख्माची नाही." तेवढीच एक तारीफ केली त्यायनं माही, पण ती रोज केली.

माग गेले, गाठ राहिली.

१९ जानेवारी, रविवार

पोट्टे सकाळी सातले आले. गल्लीतल्या निंबावरून, पिंपळावरून, केबलच्या तारांवरून किती धागा काढला म्हणून सांगू! दोन पोती. मी पाहतच राहिली. प्रीती झाडावर अशी चढली की पाह्यणाऱ्याचा जीव खाली-वर. म्या ओरडली, "अवं पोरी, लग्न व्हायचं आहे तुहं!" तर वरून म्हणते, "आजी, झाडावर चढणारीले चांगला पोरगा भेटते!" सारी गल्ली हसली.

एक मैना सापडली, पायात धाग्याचा गुंता, पाय सुजून काळा. प्रशिक कैचीनं कापाले गेला, तर ती फडफडून राहिली. म्या म्हटलं, "दे इकडे." चष्मा लावला, टोक धुंडलं, अन् एक एक वेढा उलटा फिरवत गेली. दहा मिनिटात पाय मोकळा. प्रशिक म्हणे, "आजी, आमाले अर्धा तास लागते अन् अर्धे पक्षी भेवानंच मरतात." मग मले टीममध्ये घेतलं त्यायनं. हातात घालाले पंजे दिले, रबराचे. त्याच्यात माहं बोटच चालत नाही, काढून ठेवले.

सगळ्यायले संत्री दिली, पोहे दिले. खात खात म्या त्यायले घुबडाची गोष्ट सांगतली. बाजूचा शेड बंद आहे आता, आधी तिथं आठ माग चालायचे. त्याच्या झरोक्यात पांढऱ्या घुबडायची जोडी राहते, माह्या लग्नाच्या आधीपासून. तीच नसन म्हणा, तिची नातवंडं असतील. बाकीचे लोक घुबडाले भेतात, पण कोष्टी भेत नाहीत. ताण्याले तांदळाची खळ लावलेली राहते, तिच्या वासानं उंदीर येतात अन् सूत कुरतडतात. घुबड आहे तर उंदीर नाही. सासरे नव्या सुनेले शेड दाखवाले नेत, तर आधी झरोका दाखवत. "यायले हात लावाचा नाही. हे आपले बिनपगारी नौकर."

पोट्ट्यायचे डोळे असे मोठे झाले. दिवेलागणीले सगळे शेडसमोर चुपचाप बसले. अन् निघाले! एक, मग दुसरं. पांढरं तोंड, बदामासारखं. पंखाचा जरा आवाज नाही. प्रीतीनं माहा हात इतका जोरात दाबला की बांगडी रुतली. दामिनी म्हणे, "आजी, सतरा वर्षांची झाली मी, बाजूच्या घरी हे राहतात, अन् तू आज सांगून राहिली?"

विचारलं कोणी होतं?

२१ जानेवारी, मंगळवार

दुपारी शिडी चढली. जाळीचा एक कोपरा फाटला आहे, दोन-तीन हात धागाच गायब. बोका आला असन. वड्या बऱ्या आहेत, उंदरायनं थोड्या कुरतडल्या. कोपरा सांधून टाकला. आता जास्त मजबूत झाला.

२२ जानेवारी, बुधवार

काय लिहू.

सकाळी शेडच्या मागं पोरं ओरडली म्हणून गेली. केबलच्या तारेले पांढरं घुबड लटकलेलं. एक पंख वर, धाग्यात. डोकं खाली. वाऱ्यानं हळू हळू गोल फिरून राहिलं होतं, जसं कोणी वाळत घातलेलं कापड.

दामिनीनं फोन केला, प्रशिक सायकल मारत आला. खाली काढलं तर लाकूड झालं होतं. दोन दिवस झाले असतील म्हणे. पंखातला धागा काढून त्यानं एका प्लॅस्टिकच्या थैलीत टाकला. मग एकदम ओरडला, "पण आपण सारं साफ केलं होतं! एक एक तार पाहली होती! आला कुठून हा धागा?"

सिंधूताई म्हणे, "बरं झालं गेलं, अपशकुनी पाखरू." माहं टाळकंच फिरलं. म्हटलं, "अपशकुनी तुही जीभ आहे! चाळीस साल याच्या जिवावर तुह्या सासऱ्याचं सूत वाचलं." ती तणतणत गेली. आता बोलत नाही. नको बोलू.

ज्याचा कोणाचा तो धागा असन, त्याच्या हाताले किडे पडोत. लिहून ठेवते.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झाल्यावर पोट्ट्यायनं गल्लीत सभा घेतली. प्रशिकनं मोठ्या कागदावर गल्लीचा नकाशा काढला होता, जिथं जिथं पक्षी सापडले तिथं लाल टिपके. बाकी गावात संक्रांतीनंतर टिपके कमी झाले, म्हणे, आपल्या शेडच्या आजूबाजूले वाढले. तीन कबुतरं, एक बुलबुल, अन् ते घुबड. सारे टिपके आमच्या घराच्या मागं, जवळजवळ. म्या नकाशा पाहला अन् म्हटलं, "कोणीतरी इथंच चोरून पतंगी उडवून राहिला."

सगळ्यायची नजर गणपतरावांवर. कोपऱ्यावर किराण्याचं दुकान आहे त्यांचं, संक्रांतीले पतंगी, मांजाच्या चक्र्या विकतात. ते म्हणाले, "बाप्पा, मी फक्त सुती मांजा विकतो. नायलॉनची बंदी आहे, मी कशाले ठेवू?"

कोणी मानलं नाही. मीही नाही. उलट मीच पुढं झाली. "गणपतराव, लेकराबाळाची शप्पथ घ्या. दोन पैशासाठी मुकं जीव मारता?" माणूस पांढरा पडला. मग दुकानात गेला, उरलेल्या पतंगी, चक्र्या सगळं बाहेर आणून प्रशिकच्या पायाशी ठेवलं अन् शटर ओढलं.

पोट्ट्यायनं टाळ्या वाजवल्या. दामिनी मले चिपकली, "आजी, तू तर डेंजर आहे!"

मस्त वाटलं. पण ते शटर अजून कानात वाजून राहिलं.

२९ जानेवारी, बुधवार

प्रशिक आला होता. ती थैली घेऊन. म्हणे, "आजी, तुम्हाले धाग्यातलं समजते. हे पाहा. याच्यात जागोजागी गाठी आहेत. पतंगवाला अशी गाठ मारत नाही. कोणीतरी तुकडे जोडले आहेत. इतक्या बारीक गाठी, मशीननं मारल्यासारख्या."

म्या चष्मा काढला होता. धागा तसाच हातात घेतला. बोट फिरवलं.

दोन वेढे.

"काय वाटते आजी?"

"दिसत नाही रे बावा आज," म्या म्हटलं. "डोळे चुरचुरून राहिले."

३० जानेवारी, गुरुवार

ही रुख्माची. ही रुख्माची. सासऱ्याचा आवाज येते.

बोका नव्हता. म्या फाटलेला कोपरा सांधला तेव्हा ते शेडमागं लटकून मरून राहिलं होतं. अन् म्या म्हटलं, जास्त मजबूत झाला.

किडे पडोत असंही लिहिलं म्या. खोडत नाही. राहू दे.

जाळी काढून टाकाची आहे. काढून, बांधून, दूर कुठं फेकून. कोणाले कळणार नाही. पण आज मधुकरले सुटी, घरातच. दामिनी अभ्यासाले घरातच. त्यायच्या समोर शिडी कशी चढू? चढली तर विचारतील, काहून चढली? उद्या पहाटे, दोघं उठायच्या आधी. एका रात्रीनं काय होते.

अन् गणपतराव? दुकान अजून बंद आहे.

३१ जानेवारी, शुक्रवार

एका रात्रीनं झालं.

पहाटे उजाडता उजाडता विळा घेऊन चढली. जाळीच्या मधात पांढरं काहीतरी. म्या समजली, कोणाचं फडकं उडून आलं. फडकं हललं अन् माह्याकडे पाहलं.

दुसरं घुबड. दोन्ही पंखात धागा, पायात धागा. चोच उघडी, आवाज नाही. जोडीतलं उरलेलं. म्या ओरडली की काय केलं आठवत नाही, मधुकर टॉवेलवरच धावत आला. "आई! शिडीवर तू!" मागं दामिनी. तिनं वर येऊन जाळी पाहली. हात लावून पाहला. मग प्रशिकले फोन लावला.

प्रशिक दहा मिनिटात आला. कैची काढली. म्या म्हटलं, "थांब. कापलं तर ताण सुटून पंखात अजून रुतन. एक एक गाठ सोडा लागते."

"आजी, ह्या गाठी सुटत नाहीत, म्या त्या थैलीतल्या सोडून पाहल्या."

"माह्या आहेत," म्या म्हटलं. "मले सुटतात."

त्यानं माह्याकडे पाहलं. मग घुबडाच्या डोक्यावर रुमाल टाकला अन् दोन्ही हातानं धरून बसला. ते त्याले नखं मारून राहिलं होतं, रक्त येऊन राहिलं होतं, पण त्यानं हात हलवला नाही. मी गाठी सोडत गेली. गाठीच्या पाठीवर नख दाबाचं, एक धागा सरळ ओढाचा, मग ढिली होते. सारी जिंदगी गाठी मारल्या, सोडली एक नव्हती. पहिली सोडाले किती वेळ लागला! मग बोटं गरम झाली. उन्हं वर आली. मधुकरनं माह्या डोक्यावर छत्री धरली होती, टॉवेलवरच उभा. मधात प्रीती कामठीहून येऊन पोचली, तिनं पाहलं अन् तिथंच स्लॅबवर बसली, रडाले लागली. आठ वाजता शेवटचा पाय सुटला.

पंख तुटला नव्हता. कातडी चिरली होती दोन जागी. डब्याले भोकं पाडून पक्ष्यांच्या दवाखान्यात नेलं.

जाताना प्रशिक वड्यायकडे पाहून म्हणाला, "उंदीर येत असतील इथं." बस.

ते गेल्यावर दामिनीनं विचारलं, "प्रशिकनं गाठी दाखवल्या तेव्हाच ओळखलं होतं तू?"

म्या म्हटलं, "हव."

"म्हणजे परवा."

"हव."

ती खोलीत गेली. दरवाजा जोरात लावला असता तर बरं वाटलं असतं. हळूच लावला.

१ फेब्रुवारी, शनिवार

दामिनी बोलत नाही. ताट वाढलं तर जेवते, "झालं" म्हणते, उठते.

गणपतरावांच्या घरी गेली. दुकानातून नाही, मागच्या दारानं. आयुष्यात पहिल्यांदा. ते खाटेवर पेपर वाचून राहिले होते. म्या उभ्या उभ्या सारं सांगून टाकलं. जाळी, गाठ, मैनेपासून घुबडापर्यंत. मैनेचा काही संबंध नव्हता पण सांगता सांगता तेही सांगतलं.

त्यांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "रुख्माबाई, पंचवीस साल चहापत्ती माह्याकडून नेली. एक दिवस तरी वजन कमी भरलं का?"

"नाही."

"मग एकदम लेकराबाळाची शप्पथ?"

त्यांच्या सुनेनं चहा आणला. म्या घेतला नाही. ते म्हणाले, "घ्या. मी काही तुमच्यासारखा सभेत नाही बोलणार."

"तुम्ही नका बोलू," म्या म्हटलं. "मीच बोलते. सभेतच बोलते. पण सोमवारी दुकान उघडा."

"पाहतो," म्हणाले.

४ फेब्रुवारी, मंगळवार, रथसप्तमी

पुन्हा हल्दीकुंकू केलं. एका साली दोनदा कोणी करते का? गल्लीत चर्चा, रुख्माचं डोकं फिरलं. म्या घरोघर जाऊन सांगतलं, "यंदा वाण देणार नाही, मागणार आहे. संक्रांतीचा जो धागा घरात जपून ठेवला असन, तो घेऊन या."

"आमच्या घरी कुठं धागा," साऱ्याजणी म्हणाल्या.

बाया बसल्यावर मी उभी राहिली. दामिनी दाराच्या चौकटीले टेकून होती, हात बांधून. प्रशिक, प्रीती आले नव्हते, बोलावलं होतं. म्या सांगतलं. ते घुबड माह्या जाळीनं मेलं. गणपतरावांचा काही गुन्हा नाही, म्या त्यांच्या तोंडावर खोटा आळ घेतला. अन् मले कळल्यावरही मी दोन दिवस चुप राहिली, अन् त्या दोन दिवसात दुसरं अडकलं. सगळं.

मले वाटलं आता एक एक बाई उठून जाईन.

सगळ्यात पहिले उठली ते सिंधूताई. अन् गेलीच, चपला घालून. म्हटलं, जा बाई, तुहा हक्क आहे. अन् पाच मिनिटात परत, हातात लोणच्याची बरणी. बरणीत काठोकाठ नायलॉनचा धागा, रंगारंगाचा, कसा गुंडाळलेला!

"माह्या तोंडल्याचा वेल याच्यावरच आहे वं," म्हणे. "तोही काढून टाकते उद्या. परवा त्याच्यात चिमणी मेलती. म्या कोणाले सांगतलं नाही."

अन् मग काय! एक उठली, दुसरी उठली. डब्यात, थैलीत, उशीच्या खोळीत. एकीनं कपडे वाळत घालाची दोरी वळली होती. एकीनं पाळणा टांगला होता. एकीनं तर पोरीले रुखवतात द्याले तोरण विणून ठेवलं होतं. तेरा घरं, तेराही कोष्ट्यायची, अन् तेराही घरी धागा! मी तोंडाले हात लावून बसली. पोट्ट्यायनं दोन पोती झाडावरून काढली होती. इथं बायायनं घरातून पावणेतीन पोती काढली. झाडावर एवढं नव्हतं जेवढं आमच्या उतरंडीत होतं. आमची सवय, साऱ्यायची, एकच.

धागा फेकाचा म्हणजे माह्या हातानं होईना. दामिनी पुढं आली, पोत्याचं तोंड धरलं. म्हणाली, "टाक." म्या टाकला. मग एक एक बाईनं टाकला, जसं नदीत काही सोडून राहिल्या.

पोत्याचं तोंड बांधाले तिनं सुतळी दिली माह्या हातात. "तूच बांध, तुही गाठ पक्की राहते," म्हणाली, अन् मग जीभ चावली. पण हसू आलं तिले. पाच दिवसांनी आलं.

बाहेर गणपतरावांचं शटर उघडलं होतं. सिंधूताई चहापत्ती घ्याले गेली अन् येऊन सांगते, "तुह्यासाठी म्हणून पुडा बाजूले ठेवला आहे. वजन करून घे म्हणे."

दिवे लागायच्या आधी प्रशिक अन् प्रीती आले. प्रशिकच्या हातावर नखांच्या खपल्या आहेत अजून. मी काही बोलाच्या आधीच तो म्हणाला, "आजी, घुबड काल पिंजऱ्यात उडालं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. डॉक्टर म्हणे, आता त्याच्या घरी सोडा."

"मग सोडा कुठं जंगलात," म्या म्हटलं. "या गल्लीत नका आणू."

"घर इथंच आहे त्याचं, आजी. जंगलात नेऊन काय करन ते?"

"अन् सोडणार कुठून?"

त्यानं मागच्या शिडीकडे बोट दाखवलं. "तिथूनच शेडचा झरोका समोर पडते. डबा तुम्हीच उघडा. पण आधी तो स्लॅब पाहतो मी. एक एक कोपरा."

"पाह्य," म्या म्हटलं. "मले विचारू नको, स्वतः पाह्य."

गेला, पाहून आला. काही नव्हतं तिथं. वड्याही नव्हत्या.

रविवारी येतो म्हणाले, नऊ तारखेले, सूर्य बुडता बुडता. मधुकर शिडी धरणार आहे.